जिम ट्रेनरला पार्किन्सन्स, पक्षाघात, एमएसच्या क्लायंटसाठी कसं तयार करावं?

प्रश्न नाशिकच्या एका जिममधल्या हेड ट्रेनरचा आहे. त्यांच्याकडे अलीकडे पार्किन्सन्सचे दोन काका, पॅरालिसिसमधून सावरलेले बँकेचे एक निवृत्त अधिकारी आणि एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) असलेली एक तरुण मुलगी येऊ लागली आहे. हाताखालचे तीन ट्रेनर या कामासाठी तयार करायचे आहेत. त्यांना कोणता कोर्स करायला लावू, किती दिवसांत तयार होतील, आणि फिजिओथेरपिस्ट आमच्याशी बोलतच नाहीत त्याचं काय करू, असे तीन प्रश्न त्यांनी विचारलेत.

मी पुण्यात न्यूरो, म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांची, फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि जिममधल्या मुलामुलींना सोबत घेऊन हे काम शिकवते. उत्तर लांबणार आहे. कोर्सचं शेवटाकडे सांगते, कारण त्याचा नंबरच शेवटचा आहे.

सगळ्यात आधी हे की तुमच्या ट्रेनरला अर्धामुर्धा फिजिओ बनवायचं नाही. हा मोह दोन्ही बाजूंना असतो. ट्रेनरला वाटतं, चार टेस्टची नावं पाठ झाली, बोलताना ‘बोबाथ’, ‘पीएनएफ’ अशी फिजिओच्या पद्धतींची नावं यायला लागली की आपण न्यूरोवाले झालो. फिजिओला वाटतं, शिकवायचं म्हणजे आपला साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम पाणी घालून पातळ करायचा आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत वाढायचा. यातून निपजतो तो घाबरलेला ट्रेनर. पार्किन्सन्सच्या काकांना खुर्चीत बसवून हातात अर्ध्या किलोचे गुलाबी डंबेल देणारा. जिममध्ये पडून हाड मोडून घेतलेले न्यूरो क्लायंट मी पाहिलेत, नाही असं नाही. पण महिनोन्‌महिने फी भरून जिथल्या तिथं राहिलेले त्याहून कितीतरी जास्त पाहिलेत, आणि त्यांची तक्रार कोणी करत नाही.

ट्रेनरकडे एक गोष्ट असते जी आम्हा फिजिओंकडे बऱ्याचदा नसते. वजन, सेट, रेप्स लिहून ठेवायचे आणि दर आठवड्याला थोडं पुढं न्यायचं, ही सवय. आमच्या ओपीडीत एका पेशंटला अर्धा-पाऊण तास मिळतो. त्यात हात बघायचा, चाल बघायची, घरच्यांच्या शंका ऐकायच्या. पायाची ताकद खरंच वाढावी इतका भार द्यायला वेळ उरत नाही. शिवाय पक्षाघातानंतर पहिले काही महिने घरी फिजिओ येतो, मग पैसे संपतात किंवा उत्साह संपतो. आरोग्यविमा हॉस्पिटलचं बिल देतो, नंतरच्या रोजच्या फिजिओचं बहुधा नाही. माणूस काठी घेऊन संडासापर्यंत जायला लागला की घरचे म्हणतात, झालं की आता. तिथून पुढची वर्षं तो हॉलमधल्या खुर्चीत काढतो. ती वर्षं जिमची आहेत. तिथं चांगला ट्रेनर हवा. त्याला द्यायची आहे ती नजर आणि थांबायचं कुठं याचं भान. भार वाढवण्याची त्याची सवय मोडायची नाही.

‘पण ताकदीचे व्यायाम केले की हातपाय आणखी ताठरतात ना?’ हे तुमच्या ट्रेनरला कोणी ना कोणी सांगणारच. ही भीती जुन्या शिकवणीतून आलेली आहे. पक्षाघातानंतर भार देऊन व्यायाम करून घेतल्यावर ताठरपणा वाढत नाही, ताकद मात्र वाढते, हे नंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं. पार्किन्सन्सचंही तसंच. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘स्पार्क्स’ या चाचणीत औषध अजून सुरू न झालेले १२८ रुग्ण घेतले होते. एका गटाला ट्रेडमिलवर कमाल हृदयगतीच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत चालवलं, दुसऱ्याला ६० ते ६५ टक्क्यांपर्यंत, तिसऱ्याला नेहमीसारखं राहू दिलं. सहा महिन्यांनी जोरात चाललेल्यांचा हालचालींचा स्कोअर जवळपास होता तिथंच होता आणि नुसतं राहिलेल्यांचा घसरला होता. चाचणी लहान आहे, त्यावरून पार्किन्सन्स थांबतो असं कोणी म्हणू नये. पण या माणसांना घाम काढायला लावणं सुरक्षितपणे जमतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

आता माणसं निवडण्याबद्दल. तुमच्या तिघांत सगळ्यात पिळदार कोण, इन्स्टाग्रामवर कोणाचे फॉलोअर जास्त, हे बघू नका. क्लायंटची वही कोण नीट लिहितो ते बघा. आणि उत्तराची वाट कोण बघू शकतो ते बघा. पार्किन्सन्सच्या माणसाला प्रश्न विचारला की उत्तर यायला वेळ लागतो, पक्षाघातात वाचा गेली असेल तर त्याहून जास्त. जो ट्रेनर त्या शांततेत अस्वस्थ होऊन काकांऐवजी त्यांच्या मुलाला विचारतो, ‘काल झोप झाली का यांची?’, त्याला हे काम देऊ नका. निदान लगेच देऊ नका. वाचाघात म्हणजे शब्द सापडत नाहीत, अक्कल गेलेली नसते. बँकेत शाखा चालवलेल्या माणसाला ‘शाब्बास, अजून एक, गुड बॉय’ म्हणणारे ट्रेनर मी ऐकलेत. त्यांना ‘साहेब’ म्हणा, ‘सर’ म्हणा, ‘काका’ म्हणा, पण अहो-जाहो करा आणि मोठ्या माणसाशी बोलतो तसं बोला. हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारायचे आणि एका वेळी एकच सूचना द्यायची. एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

पहिला महिना ट्रेनरने फक्त बघायचं. हे त्यांना आवडत नाही, हात शिवशिवतात. पण माझा नियम पक्का आहे. पहिला महिना क्लायंटला हात लावायचा नाही, वही घेऊन उभं राहायचं आणि सत्रानंतर मला सांगायचं की आज काय वेगळं होतं. आजाराचं नाव सांगू नका, ते फाईलवर आहे. आज काय वेगळं होतं ते सांगा. जिममधल्या नेहमीच्या क्लायंटचं सोमवारचं शरीर आणि गुरुवारचं शरीर साधारण सारखं असतं. न्यूरोमध्ये सकाळी सातचा माणूस आणि साडेआठचा माणूस वेगळा असू शकतो, आणि आठवड्याचा चार्ट आधी छापून ठेवणाऱ्या ट्रेनरला हे पचवायला वेळ लागतो.

पार्किन्सन्समध्ये हे सर्वात स्पष्ट दिसतं, म्हणून मी शिकवायला सुरुवात तिथूनच करते. लेव्होडोपा, म्हणजे बहुतेकांकडे सिंडोपा नावाने असते ती गोळी, घेतल्यावर काही वेळाने तिचा अंमल चढतो. तेव्हा माणूस मोकळा हलतो. अंमल उतरला की पाय जड, चेहरा निर्विकार, आवाज बारीक. आजार जुना असेल तर हा चढउतार दिवसात अनेकदा होतो. म्हणून वहीत पहिला रकाना ‘गोळी किती वाजता घेतली’ हा हवा, वजन आणि रेप्स त्यानंतर. काका सकाळी सातला येतात आणि नुसत्या पाय ओढण्याने थकतात, तर आधी स्लॉट बदलून बघा. त्यांना आठचा द्या, व्यायाम तोच ठेवा. बऱ्याचदा अर्धं काम तिथंच होतं. गोळीची वेळ किंवा डोस बदलण्याबद्दल मात्र ट्रेनरने अवाक्षर काढायचं नाही. वहीतली नोंद काकांच्या हाती द्यायची आणि न्यूरोलॉजिस्टला दाखवा म्हणायचं.

इथं जिमवाल्यांची एक खास चूक सांगते. प्रोटीनमधली काही अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा शरीरात शिरताना एकाच वाटेने जातात, त्यामुळे काही जणांत गोळीच्या जोडीला प्रोटीन घेतलं की गोळीचा असर कमी होतो. तुमचा ट्रेनर प्रेमाने काकांना व्यायामाआधी व्हे शेक पाजतो आणि मग ‘आज काकांचा मूड नाही’ असं लिहितो. प्रोटीन बंद करायचं नाही, ते या वयात हवंच. वेळ कोणती ठेवायची ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं.

दुसरी गोष्ट रक्तदाब. पार्किन्सन्समध्ये उभं राहिल्यावर रक्तदाब घसरणं नेहमीचं आहे. आडवं असताना एकदा मोजा, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर घसरण आहे असं धरतात. ज्यांच्यात ती आहे त्यांना बेंच प्रेस झाल्या झाल्या उठवून स्क्वॉटला नेणं म्हणजे चक्करेला आमंत्रण. आडवे व्यायाम एका बाजूला, उभे दुसऱ्या बाजूला, मध्ये बसून दोन मिनिटं.

तिसरी गोष्ट पाय चिकटणं. चालता चालता, विशेषतः दारात, वळताना किंवा दोन मशीनच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, पाय जमिनीला खिळतात आणि वरचं धड पुढं जात राहतं. ट्रेनरची पहिली प्रतिक्रिया हात धरून ओढण्याची असते. तसं केलं की माणूस पडतो. ओढायचं नाही, घाई करायची नाही. ‘काका, थांबा. दोन्ही पायांवर नीट उभे राहा. डाव्या पायावर वजन घ्या, आता उजवा पाय मोठा टाका,’ एवढंच. कोणाला मोजून दिलेलं चालतं, कोणाला जमिनीवर चिकटपट्टीची रेघ दिली की ती ओलांडायला पाऊल उचलतं. जिममध्ये जाण्यायेण्याच्या वाटेवर रंगीत पट्ट्या चिकटवायला फार खर्च येत नाही. वळण घेताना जागच्या जागी गर्रकन नाही, मोठा अर्धगोल घ्यायचा. आणि ते चालत असताना ट्रेनरने गप्पा मारायच्या नाहीत. चालणं आणि बोलणं एकाच वेळी करायला मेंदूला जास्त मेहनत पडते. पुढं जाऊन हेच आपण मुद्दाम शिकवतो, चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करायला लावतो, पण ते सराव म्हणून, पडणार नाहीत अशी सोय करून.

लय, मोठ्या हालचाली, लक्षपूर्वक पाऊल, हे सगळं ट्रेनरला पुस्तकातून कळत नाही. पुण्यात ऋषिकेश पवार पार्किन्सन्सच्या लोकांसाठी नृत्याचे वर्ग घेत आले आहेत. असा वर्ग कोपऱ्यात बसून बघायला मिळाला तर ट्रेनरला एका तासात जे दिसेल ते माझ्या महिनाभराच्या बोलण्यातून दिसणार नाही.

पक्षाघाताकडे वळू. इथं खांदा सांभाळायचा. लुळा पडलेला हात खांद्याच्या खोबणीतून थोडा उतरलेला असू शकतो, आणि त्या हाताला धरून उठवणं, काखेत हात घालून उचलणं, डोक्यावरची पुली वरखाली करायला लावणं, यातून महिनोन्‌महिने राहणारं दुखणं सुरू होतं. उठवायचं तर कमरेच्या पट्ट्याला धरून. उभं राहायचं अशक्त बाजूला, थोडं मागे. पकड नसलेला हात मशीनच्या दांड्याला पट्ट्याने बांधून जोरात खेचायला लावणारे व्हिडिओ भरपूर दिसतात. ते करायचं की नाही ते खांदा तपासलेल्या माणसाने ठरवायचं.

काहींना डाव्या बाजूचं भानच राहत नाही. डोळे ठीक असतात, पण मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. असा माणूस डाव्या हाताच्या बेंचवर आपटतो आणि ट्रेनर म्हणतो, ‘बघून चाला ना.’ त्यांच्या डावीकडचं सामान आधी हलवायचं. काही जण मध्येच रडतात किंवा हसत सुटतात. त्यामागे दुःख किंवा आनंद असेलच असं नाही, मेंदूचा ब्रेक सैल झालेला असतो. अशा वेळी गोंधळ न घालता अर्धा मिनिट थांबायचं आणि पुढचा सेट घ्यायचा.

भार किती? इथं हृदयगतीच्या घड्याळावर विसंबू नका. पक्षाघातानंतर अनेकांना मेटोप्रोलॉलसारखं औषध चालू असतं, ते नाडी दाबून धरतं. माणूस पूर्ण दमलेला असतो आणि घड्याळ १०५ दाखवतं. त्याऐवजी बोर्गची ६ ते २० ची पट्टी, म्हणजे किती कष्ट वाटतात ते आकड्यात सांगायची पट्टी, मराठीत लिहून भिंतीवर लावा. ११ म्हणजे हलकं, १३ म्हणजे जरा कष्टाचं, १५ म्हणजे कष्टाचं. सुरुवात ११-१३ मध्ये. वाचा गेलेल्यांसाठी पट्टीवर चेहरे काढा, बोट ठेवायला. श्वास कोंडून जोर लावू द्यायचा नाही. सत्राआधी रक्तदाब मोजायचाच, आणि वरचा १८० किंवा खालचा ११० च्या पुढं असेल तर माझ्याकडे त्या दिवशी व्यायाम होत नाही. क्लायंटच्या डॉक्टरांनी याहून खालची मर्यादा दिली असेल तर ती पाळायची. रक्त पातळ करणारी गोळी चालू असते, त्यामुळे साधा बार लागला तरी मोठं काळंनिळं होतं, आणि डोक्यावर पडले तर ‘बरं वाटतंय’ म्हणाले तरी हॉस्पिटलला न्यायचं.

आणि दुसरा झटका. ज्याला एकदा आला त्याला पुन्हा येण्याचा धोका असतो. तोंड वाकडं, एक हात खाली पडतो, बोलणं अडखळतं, अचानक तोल जातो, यातलं काहीही दिसलं की घड्याळ बघून वेळ लिहायची आणि १०८ लावायचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून ‘शेवटचे ठीक किती वाजता होते’ हा प्रश्न हॉस्पिटलमध्ये पहिला विचारतात. नाशिकमध्ये २४ तास सीटी स्कॅन आणि न्यूरोलॉजिस्ट कुठं उपलब्ध आहे ते आजच शोधून रिसेप्शनच्या काचेवर लावा. जवळच्या लहान दवाखान्यात नेऊन तिथून पुढं पाठवण्यात तास-दीड तास जातो.

ट्रेनरच्या सवयीला सगळ्यात मोठा धक्का देणारा आजार मात्र वेगळाच आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली. दूषित पाण्याशी संबंध जोडला गेला, संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. त्यातले तरुण, कमावते लोक नंतर जिमचं दार ठोठावू लागले. हा आजार मेंदूचा नाही, मज्जारज्जूतून बाहेर पडणाऱ्या नसांचा. नस पुन्हा बरी होत असते, पण हळूहळू, आणि स्नायूला अजून पुरेशा तारा जोडलेल्या नसतात. इथं ‘अजून दोन रेप्स, फेल होईपर्यंत’ हा जिमचा मंत्र घातक. जास्त दमवलं की कमजोरी उलट वाढू शकते. म्हणून थोडे रेप्स, लांब विश्रांती आणि एक साधी कसोटी: दुसऱ्या दिवशी सकाळी कालपेक्षा कमजोर वाटलं, जिना चढायला जास्त जड गेलं, तर काल जास्त झालं. त्यात पुन्हा क्लायंट तिशीतला, आधी बुलेट चालवणारा, ट्रेकला जाणारा असतो. तोच म्हणतो, ‘सर, वजन वाढवा.’ अशा वेळी ट्रेनरला नाही म्हणता यायला हवं. पार्किन्सन्समध्ये मी ट्रेनरच्या मागे लागते की आणखी करून घे, इथं त्याच ट्रेनरचा हात धरते. दोन्ही एकाच महिन्यात शिकवू नये, गोंधळ होतो.

एमएसची मुलगी तुमच्याकडे आहेच. तिच्यात उष्णता हा मुख्य प्रश्न. शरीराचं तापमान थोडं चढलं की जुनी लक्षणं डोकं वर काढतात, नजर धूसर होते, पाय जड होतो. १८९० मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उठहॉफ यांनी हे नोंदवलं, आणि पुढं कित्येक दशकं या रुग्णांना व्यायामच नको असं सांगितलं गेलं. तो सल्ला आता मागे पडला. गार झालं की लक्षणं उतरतात, आजार वाढलेला नसतो. तिला पंख्याखाली किंवा एसीजवळ जागा, गार पाणी, मध्ये मध्ये थांबा, आणि शक्य तर सकाळची वेळ. पण गार होऊनही नवीन लक्षण २४ तास टिकलं तर तो वेगळा प्रकार, न्यूरोलॉजिस्टला कळवायचं. ‘आज थकवा आहे’ असं ती म्हणाली तर आळस समजू नका. हा थकवा झोप काढून जात नाही.

मणक्याच्या दुखापतीचे व्हीलचेअरवरचे क्लायंट तुम्ही सध्या घेऊ नका, पण एक गोष्ट ट्रेनरना आत्ताच माहीत असू द्या. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल तर भरलेलं मूत्राशय, पिळा पडलेली लघवीची नळी, घट्ट पट्टा अशा क्षुल्लक कारणाने रक्तदाब एकदम भडकतो. कपाळ फुटेल असं दुखतं, चेहरा लाल, वर घाम. अशा वेळी आडवं करायचं नाही, ताठ बसवायचं, पट्टे सैल करायचे, नळी बघायची, लगेच उतार नाही पडला तर हॉस्पिटल. व्हीलचेअरवरच्या माणसाकडून फार अपेक्षा करू नये असं ज्यांना वाटतं त्यांना मी मुरलीकांत पेटकरांचं नाव सांगते. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला.

फीट आली तर काय, हे तिघांनाही विचारून बघा. कांदा, चप्पल, तोंडात चमचा, यातलं काहीतरी एक जण तरी म्हणेलच. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली टॉवेल, आजूबाजूची वजनं बाजूला, तोंडात काहीही नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या पुढं गेली की १०८.

आता मेंटॉरिंगची रचना. पहिला महिना बघायचं, ते सांगितलं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ट्रेनर सत्र घेतो आणि मेंटॉर त्याच हॉलमध्ये असतो, पण चूक दिसली तरी क्लायंटसमोर टोकत नाही, धोका असेल तेवढाच मध्ये पडतो. क्लायंटसमोर झापलेल्या ट्रेनरवर त्या क्लायंटचा विश्वास पुन्हा बसत नाही. चौथ्या महिन्यापासून ट्रेनर एकटा, आणि आठवड्यातून एकदा तासभर बैठक. या बैठकीत मी व्याख्यान देत नाही. एका क्लायंटची वही उघडायची आणि विचारत राहायचं: हे वजन का दिलं, दिलं नसतं तर काय झालं असतं, काय दिसलं की थांबला असतास? ‘इंटरनेटवर बघितलं’ हे उत्तर चालतं, पण त्यापुढं ‘मग या काकांना ते का लागू पडतं’ हेही सांगावं लागतं. पायाला वाळूची पिशवी बांधून, डोळ्यांवर धूसर चष्मा घालून ‘रुग्णाचा अनुभव’ देण्याचे खेळ काही जण घेतात. मला त्यांचा फारसा उपयोग वाटत नाही. मुलं हसतात आणि विसरतात. त्यापेक्षा एका काकूंना बोलवून त्यांचं सकाळी उठण्यापासून चहा होईपर्यंतचं सगळं सविस्तर सांगायला लावा.

मेंटॉर कोण? तुम्ही स्वतः हे काम केलेलं नसेल तर तुम्ही एकटे पुरणार नाही. न्यूरोमध्ये काम करणारी एक फिजिओ महिन्यातून दोन वेळा, मानधन देऊन, जिममध्ये आणा. फुकट मागू नका, फुकटचा सल्ला दोन महिन्यांत आटतो.

यातच तुमच्या तक्रारीचं उत्तर आहे. फिजिओ बोलत नाहीत याला त्यांचा अहंकार थोडा कारणीभूत आहेच, पण बहुतेकदा जिमकडून फोन येतो तो ‘मॅडम, काय करून घेऊ?’ असा. त्याला फोनवर उत्तर नसतं. त्याऐवजी अर्ध्या पानाचं पत्र पाठवा: अमुक गृहस्थ आठवड्यातून तीनदा येतात. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून वळून परत बसायला त्यांना १६ सेकंद लागतात. हात न टेकता पाच वेळा उठबस २१ सेकंदांत. लेग प्रेस ४० किलो, १० चे दोन सेट. डाव्या खांद्याला दुखतं म्हणून वरच्या पुलीचे व्यायाम थांबवले आहेत. पुढं जिना चढण्याची तयारी करतो आहोत, काही हरकत असल्यास कळवावे. असं पत्र आलं की उत्तर येतं, कारण लिहिणाऱ्याने मोजलंय आणि कुठं थांबलोय तेही सांगितलंय. तीन मीटरच्या त्या चाचणीत १२ सेकंद किंवा जास्त लागले तर वयस्कर माणसाला पडण्याचा धोका आहे असं धरतात. दर महिन्याला तेच मोजा, त्याच खुर्चीवरून. आणि बोर्डवर ‘न्यूरो थेरपी’, ‘पॅरालिसिस ट्रीटमेंट’ असले शब्द लिहू नका. उपचार हे नोंदणीकृत फिजिओचं काम, त्यासाठी राज्याची परिषद आहे. तुम्ही व्यायाम करून घेता, तेच लिहा.

कोर्स. ब्रिटनमध्ये पक्षाघातानंतरच्या व्यायामासाठी फिटनेस प्रशिक्षकांची चौथ्या पातळीची स्वतंत्र पात्रता आहे. अमेरिकेत पार्किन्सन्स फाउंडेशनने व्यायाम-प्रशिक्षकाला काय काय यायला हवं याची यादी केली आहे, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या साथीने २०२१ मध्ये व्यायामाच्या शिफारशी दिल्या: हृदय-फुफ्फुसांचा व्यायाम, ताकद, तोल आणि लवचिकता, मिळून आठवड्याला १५० मिनिटं. हे ऑनलाईन वाचता येतं, तिघांना वाचायला लावा. पण प्रमाणपत्राआधी त्यांना आजारांच्या स्वमदत गटांत पाठवा. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी, पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ, मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया. आधी फोन करून परवानगी घ्या, जाहिरातीची पत्रकं नेऊ नका, खुर्च्या लावायला मदत करा आणि ऐका.

किती दिवसांत तयार होतील? पार्किन्सन्स आणि पक्षाघात, तेही स्थिर झालेले क्लायंट, एवढ्यापुरता साधारण सहा महिन्यांत ट्रेनर तयार होतो, बैठका चालू ठेवून. सुरुवातीला एका वेळी एकच क्लायंट, गट नंतर. झटका येऊन थोडेच आठवडे झालेला, फीट आटोक्यात नसलेला, किंवा अलीकडे अचानक जास्त पडायला लागलेला माणूस आला तर डॉक्टरांकडे परत पाठवायचं, ॲडमिशनची फी न घेता.

तुमच्या चौघांत प्रत्यक्ष सत्रं बँकेच्या साहेबांपासून सुरू करा. त्यांची तब्येत रोज फारशी बदलत नाही, शिकणाऱ्याला ते सोयीचं पडतं. मग दोन्ही काका, वेगवेगळ्या वेळेला, ज्याच्या त्याच्या गोळीप्रमाणे. एकाच स्लॉटमध्ये घेऊन त्यांची तुलना करू नका, ते आपसात ती करतातच. मुलीचं काम सध्या तुम्ही स्वतः बघा, तिच्या न्यूरोलॉजिस्टकडून लेखी परवानगी घ्या, आणि नवा प्रोग्रॅम उन्हाळ्यात सुरू करू नका. पाऊस लागल्यावर करा.